समुद्राकडे पाठ करून अर्घ्य

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली, आणि तीही भूगोलात. सांगण्यासारखी गोष्ट आहे म्हणून सांगते. नोकरी लागल्यावर मी अप्पा-अम्मांना समुद्र दाखवायला नेलं. अप्पांचा जन्म म्हैसुरात गेला. नदीस्नान म्हणजे तलकाडची कावेरी. समुद्रात एक बुडी मारायची, ही त्यांची फार जुनी हौस.

मंगळुरूच्या वरच्या अंगाला खडकांमधला एक लहानसा किनारा गाठला. सकाळची वेळ. ना जीवरक्षक, ना लाल झेंडा. अप्पा पंचा नेसून तयारच.

“आधी बसा. पाणी बघू,” मी म्हटलं.

“पाण्यात काय बघायचं ग, पुट्टी? कावेरीला कधी बघत बसलो का आम्ही?”

“कावेरी लाटा मारते का?”

बसलो. थोड्या वेळानं अप्पांनी दोन खडकांमधल्या गडद, शांत पट्ट्याकडे बोट केलं. “ती जागा बरी. लाटच नाही तिथं.”

“तिथूनच पाणी परत आत ओढलं जातंय. फेस बघा कुठं चाललाय.”

फेस सरळ समुद्रात चालला होता. अम्मा म्हणाली, “शिकवलं ते बरंच झालं म्हणायचं.”

शेवटी ठरलं: खडकांपासून लांब, वाळूच्या बाजूला, गुडघाभर पाण्यात, माझा हात धरून. अप्पा उतरले आणि सवयीनं गर्रकन फिरले. माडांवर आलेल्या सूर्याकडे तोंड, डोळे मिटलेले, आणि ओंजळीसाठी माझा हात सोडलेला. मागून लाट येत होती. मी त्यांना कमरेला धरून ओढलं. आम्ही दोघं वाळूवर आपटलो, पंचा लाटेबरोबर गेला. अम्मा हसून हसून बेजार.

“सूर्याकडे पाठ करून अर्घ्य देऊ?” अप्पा चिडले.

“समुद्राकडे पाठ करून उभं राहायचं नाही. मी सोडणार नाही.”

“मग राहू दे. सुम्ने, उगाचच आलो एवढ्या लांब.”

त्यांचं तोंड एवढंसं झालं. मलाही वाईट वाटलं. मग सुचलं. “अप्पा, सूर्य मावळतो कुठं?”

“पश्चिमेला. एवढं मलाही कळतं, डिग्रीवाले!” म्हणाले, आणि समोर समुद्राकडे बघतच राहिले. “अय्यो!”

ऊन कलल्यावर परत आलो, उजेड भरपूर असतानाच. पाणी पुन्हा नव्यानं बघितलं. लाटा सकाळपेक्षा बुटक्या होत्या. अप्पा गुडघाभर पाण्यात उभे, मी मागून दोन्ही हातांनी कंबर धरलेली. आता सूर्यही समोर, लाटाही समोर. अर्घ्य दिलं. एक लाट येताना दिसली तसे स्वतःच म्हणाले, “थांब, ही जाऊ दे.” ती गेल्यावर खाली बसून डोक्यावरून पाणी घेतलं आणि थू थू करत उठले.

“केवढं खारट ग!”

“समुद्र आहे तो, पायसम नव्हे,” किनाऱ्यावरून अम्मा ओरडली. “या आता बाहेर!”

“गप ग, अजून एक,” म्हणत अप्पा पुढची लाट बघायला लागले.