बोटवाल्या काकांची भाताची पेटी

बोटवाले काका कुणाच्याही घरी गेले की पहिल्यांदा स्वयंपाकघरात डोकवायचे आणि शिजत असलेल्या भाताखालचा गॅस सरळ बंद करायचे. मी लग्न होऊन मांडवीत आले, इथल्या शाळेत शिकवू लागले, त्याच आठवड्यात त्यांनी माझ्याही गॅसचं बटण फिरवलं होतं. म्हणाले, "गो बाय, उकळी फुटली ना? आता पुढचं भाताला करू दे. तू शाळेत जा."

बत्तीस वर्षं ते मालवाहू बोटींवर स्वयंपाकी होते. निवृत्त होऊन आमच्या शेजारच्या घरात एकटे राहायचे. त्यांच्या ओटीवर एक लाकडी पेटी असे, आत चारी बाजूंनी काथ्या ठासून भरलेला आणि वर जुन्या गोधडीची घडी. उकळी आलेलं भांडं त्यात ठेवून झाकण लावलं की उकड्या तांदळाचा भात तास-दीड तासात आपोआप शिजायचा. "नॉर्वेत एका म्हातारीनं ही पेटी दाखवलीन मला," ते सांगायचे. "ती वाळलेलं गवत भरायची. आपल्याकडे काथ्याला काय तोटा!"

असल्या गोष्टी त्यांनी बंदराबंदरांतून गोळा केल्या होत्या. जपानात पडदा खिडकीच्या बाहेर टांगतात, म्हणून त्यांच्या खिडक्यांवर बाहेरून बांबूच्या चटया लोंबायच्या. बोटीवरचा एक चिनी खलाशी सकाळी एकदाच पाणी उकळून थर्मास भरून ठेवायचा, म्हणून काकांचा संध्याकाळचा चहाही सकाळच्याच पाण्याचा. पिऊन बघणारे तोंड वाकडं करायचे. आळीतली माणसं त्यांच्या घराला 'बंदर' म्हणायची, आणि त्या हसण्यात मीही असायचे.

आम्ही पश्चिमेच्या खोलीत एसी बसवला तेव्हा काका बघायला आले. खिडकीतून आत आलेल्या उन्हात हात धरून उभे राहिले. "हे यंत्र घरातली गरमी बाहेर फेकतं, होय ना? मग ती आधी आत घ्यायची कशाला?" दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर खिडकीबाहेर चटई बांधलेली. खोली खरंच निवलेली होती. पण संध्याकाळी ह्यांच्या ऑफिसातली माणसं जेवायला यायची होती. ह्यांनी चटई सोडली आणि गुंडाळून काकांच्या ओटीवर नेऊन ठेवली. काका म्हणाले, "असू दे, असू दे." मी दारातूनच बघत होते. पुढे व्हायला हवं होतं, झाले नाही.

एकदा मी त्यांना विचारलं, "काका, लोक हसतात, तरी तुम्ही हे का करता?"

ते काथ्याचे धागे सोडवत होते. म्हणाले, "बोटीवर मी पंचवीस माणसांचं रांधायचो. सुट्टीत घरी आलो की पाटावर बसायचो. आमच्या हिच्या चुलीजवळ कधी गेलो नाही. हिच्यासाठी सेंटच्या बाटल्या आणल्या, साड्या आणल्या. ही पेटी मी नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी बघितली होती. पण बायकांच्या चुलीतलं आपण काय सांगायचं, असं वाटायचं मला. धुरानं तिची छाती गेली. गॅस आला तेव्हा ती अंथरुणाला खिळली होती."

पुढच्या रविवारी त्यांनी माझ्यासाठी पेटी करून आणली. मी दोनदा त्यात भात केला. तिसऱ्या दिवशी शाळेची घाई होती, कुकर लावला. मग पेटी माळ्यावर गेली. काका मात्र रोज सकाळी कुंपणापलीकडून विचारायचे, "बाय, पेटीत ठेवलास ना भात?" आणि मी म्हणायचे, "हो काका." एवढ्याशा बोलण्याने म्हातारा माणूस खूश होत असेल तर होऊ दे, असं मी स्वतःला समजावत असे. ते जवळजवळ चार वर्षं चाललं.

पायांनी दगा दिल्यावर त्यांची मुलगी त्यांना चिपळूणला घेऊन गेली. जाऊ जाऊ म्हणता वर्ष गेलं. शेवटी एका रविवारी मी त्यांना भेटायला गेले. काका खाटेवर बसले होते, अर्धे झाले होते. मुलगी चहा करायला आत गेली तेव्हा मी एकदाचं बोलून टाकलं, "काका, मी तुमच्याशी खोटं बोलत होते. पेटी माळ्यावर होती."

"ठाऊक होतं मला," ते म्हणाले. "तुझ्या कुकरच्या शिट्ट्या रोज ऐकू यायच्या ना माझ्या ओटीवर."

माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं ते. "मग रोज विचारायचात कशाला?"

"बाकीचे हसायचे गो," काका म्हणाले. "तू हो म्हणायचीस."

मी त्यांच्या पायांशी बसून राहिले. निघताना ते म्हणाले, "इथं सगळं बरं आहे, फक्त समुद्र नाही." मी म्हटलं, "मी तुम्हाला चार दिवस मांडवीला घेऊन जाते." त्यांचा चेहरा एकदम उजळला. त्यांनी मुलीला तिथल्या तिथे हाक मारून सांगितलं. ती म्हणाली, "आजच न्या की. गाडी करून देते."

मी म्हटलं, "आत्ता नको, शाळेच्या परीक्षा आहेत. त्या आटपल्या की येते."

शेवटचा पेपर व्हायला दोन दिवस होते, तेव्हा तिचा फोन आला, काका गेल्याचा.