लोणच्याच्या बरणीवर माझी आई

ई-मेलवरच्या मैत्रिणींनो, बारामतीच्या सायबर कॅफेतून लिहितेय. आज इथल्या दुकानात दुसऱ्याच कुणाच्या लोणच्याच्या बरणीवर माझ्या आईचा चेहरा दिसला!

आमच्या इंदापूरच्या लोणच्यासाठी पुण्याच्या एका चित्रकारानं तो आईच्या फोटोवरून घरबसल्या काढला होता. सगळं काम फोन आणि कुरिअरवर. माणूस कधी पाहिलाच नाही.

बरणीवरचा पत्ता वाचून तडक जवळचं पिंपळी गाव गाठलं. त्या लोणच्याच्या मालकीण नंदाताई ऐकून चाट पडल्या. त्यांचाही चित्रकार तोच!

"अगं बया! मला म्हणाला, चेहरा मनानंच काढलाय."

त्यांच्याच फोनवरून मी त्याला गोड आवाजात म्हटलं, "नवीन लेबलांचं मोठं काम हाय. उद्या पिंपळीला या."

"येतो, येतो ताई!"

नंदाताईंनी गावातल्या झाडून साऱ्या बायकांना बोलावलंय. त्याला सगळ्यांसमोर उभा करणार.

तुम्ही असतात तर सोडलं असतं?