चौथी ओळ

'पिकला' या शब्दावर माझा अजून राग आहे. पेंटरने शब्दावर रागावू नये, त्याचं पोट त्यावरच असतं. पण हा शब्द मी स्वतःच्या हाताने, गेरूने, हातहातभर अक्षरांत लातूरपासून उदगीरपर्यंतच्या भिंतींवर लिहिला आणि त्याने घात केला तो माझ्याच घरचा.

लातूर नवा जिल्हा झाला होता. पाऊस दगा देऊन गेलेला, आणि मला मात्र जेवायला उसंत नव्हती. सरकारी पाट्यांवरचं 'जि. उस्मानाबाद' खरवडून 'जि. लातूर' करायचं होतं. नवं नाव आखूड, त्यामुळे शेवटी जागा उरायची. लोक थट्टा करायचे, "पेंटर, निम्मा जिल्हा कुठं ठिवलाव?"

आमचे वडील, म्हणजे आप्पा, डाळमिलमध्ये माल पारखायचे. मूठभर तुरीची डाळ तळहातावर पसरायची आणि एका नजरेत खडा, खापरी, किडका दाणा वेगळा काढायचा. साठी उलटली तरी त्यांचं बोट चुकत नसे. त्यामुळे त्यांच्या डोळ्यांना काही झालंय हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मग ते दाराच्या चौकटीला खांदा धडकवू लागले. टँकर आला की ओळीत लावलेल्या बाजूच्या घागरी त्यांच्या पायाने आडव्या व्हायच्या. त्या वर्षी घागर सांडणं म्हणजे काय ते सांगायला नको. बायका ओरडायच्या, "आप्पा, दिसत न्हाई का?" आप्पा खजील होऊन म्हणायचे, "समोरचं समदं दिसतंय की बाई. ह्ये बाजूचंच कसं काय ऱ्हातंय कळंना."

आम्ही सगळ्यांनी मिळून निदान करून टाकलं: मोतीबिंदू. म्हातारपणी दुसरं काय होतं? आणि मोतीबिंदू पिकल्याशिवाय हात लावायचा नसतो, हे तर आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. हरभरा पिकतो, सीताफळ पिकतं, तसाच तोही. थांबायचं.

त्याच महिन्यात नेत्रशिबिराच्या भिंती रंगवायचं काम मला मिळालं. आरोग्य खात्याच्या ऑफिसातल्या बाबूंनी कागद पुढे केला. शिबिराच्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या चार ओळी होत्या. 'मोतीबिंदू पिकला? शिबिराला चला.' 'शस्त्रक्रिया मोफत.' 'चष्मा मोफत.' चौथी सर्वांत लांब: 'काचबिंदू दुखत नाही, पिकत नाही, चाळिशीनंतर डोळे तपासा, गेलेली नजर परत येत नाही.' बाबूंनी पेन उचललं आणि ती ओळ सरळ खोडली.

"ही कशाला?" ते म्हणाले. "आपल्याला मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं टार्गेट हाय. काचबिंदूचं कोण इचारतंय?"

मी हुज्जत घातली नाही. उलट बरंच वाटलं, तेवढी अक्षरं लिहायची वाचली. आणि खरं सांगतो, काचबिंदू म्हणजे डोळ्यात काच गेल्यावर होतो तो, अशीच माझी समजूत होती. आमच्या घरात काच कुणाच्या डोळ्यात गेली होती?

डाळमिलसमोरची भिंत रंगवली तेव्हा आप्पा बघायला आले. रस्त्यापलीकडे उभे राहून त्यांनी एकेक अक्षर वाचलं. माझ्या 'मोती'च्या वेलांटीचं कौतुक केलं. घरी येऊन आईला म्हणाले, "पिकल्यावर या म्हणत्यात. आपला पिकला नसंल आजून. समोरचं दिसतंय तवर कशाला जायचं?" ते शिबिर तसंच गेलं. आप्पा वर्षभर थांबले.

पुढल्या वर्षी शाळेत भरलेल्या शिबिराला गेलो तोवर तळहातावरची डाळ दिसेनाशी झाली होती. आप्पांनी आधी तेच विचारलं, "डाक्टर, पिकला का?"

डॉक्टर तरुण होते. डोळ्यांत बराच वेळ उजेड टाकून बघितलं, दाब मोजला, आणि खुर्ची जवळ ओढली. "आप्पा, हा मोतीबिंदू नाही. काचबिंदू आहे. डोळ्यामागची नस सुकलीय. उजव्या डोळ्याची नजर गेली, ती येणार नाही. डाव्यात थोडी आहे, ती थेंबांनी राखू. वर्षभर आधी का आला नाहीत?"

"भितीवर लिवलंय की, पिकल्यावर या म्हणून," आप्पा म्हणाले. मग जरा ताठ बसून, "माझ्या पोराच्याच हातचं हाय त्ये."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. "मी चार ओळी दिल्या होत्या. चौथी कुठे गेली?"

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन बाबूंची गचांडी धरायची, एवढंच डोक्यात होतं. गेलोही. त्यांनी शांतपणे विचारलं, "मी खोडली. पर भिताड कुणी रंगवलं?" संतापाने फणफणत मी तसाच माघारी फिरलो. फसवलं सगळ्यांनी, त्या बाबूने, त्या शब्दाने, थांबा म्हणणाऱ्या साऱ्या शहाण्यांनी, असं मी पुढे कैक वर्षं सांगत फिरलो. त्यात खोटं काही नव्हतं. फक्त एक गोष्ट मी सांगत नसे.

शिबिरातून बाहेर पडल्यावर आप्पांनी माझं मनगट धरलं होतं. शाळेच्या पायऱ्या उतरताना ते थांबले आणि म्हणाले, "ती चौथी वळ तुला दावली होती का रं?"

"न्हाई, आप्पा."

त्यांनी मान हलवली. पुढे जगले तोवर भेटेल त्याला सांगत राहिले, "हापिसानं दगा दिला. माझ्या पोरानं जेवढं दिलं तेवढं इमानानं लिवलं."