पाठीला पाठ

आज दारात पिंजारी गादी पिंजायला बसला. उडालेला कापूस नाकात गेला आणि मी सी.पी.-बेरारच्या दिवसांतल्या अकोल्याच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, जाऊन पोचले.

तेव्हा माझी सुशीला अंगावर पीत होती. आम्ही बाया दिवसभर यंत्रात कापूस घालायचो. लेकरं बाहेर तट्ट्याच्या सावलीत गोणपाटावर असायची. दुपारी पाजायला बसलं की डोळे मिटायचे. एकदा सुशीला मांडीवरून घसरली, ती शेजारच्या रशिदानं वरच्यावर धरली. रशिदाच्या पदराखाली तिचं तान्हं होतंच.

"मी पाठीले पाठ लावतो. रेलून नीज, मंग लेकरू घसरत नाही," ती म्हणाली. "मंग माई पाळी."

तिची पाठ हाडकुळी, घामानं ओली होती. कापसाच्या धुरळ्यानं ती खोकायची, तिच्याबरोबर मीही हलायचे. तशीच गाढ झोपले. जाग आली ती भोंग्यानं.

"काहून उठवलं नाही मले?"

"उद्या मी निजतो," म्हणत ती लेकराला ठेवून आत गेलीसुद्धा.

आता माझ्या पाठीमागे पक्की भिंत आहे. भिंत खोकत नाही, आणि मला झोप लागत नाही.