खुरसापुढे वाजलेली रेकॉर्ड

माझ्या नवऱ्याची आवडती रेकॉर्ड एकच. सत्तरच्या दशकातल्या एका परदेशी रॉक बँडची ती पहिली रेकॉर्ड, त्याच्या काकाने बोटीवर नोकरीला असताना आणलेली. गिटार आहे, पण नावापुरती. बाकी ऑर्गन, पियानो, सिंथेसायझर, सगळे एकमेकांच्या वरताण. पहिल्या गाण्यात गाणारा तोंड उघडेपर्यंत माझा भात शिजून होतो. दशावतारातही राजा येण्याआधी पेटी वाजते, पण तिथे राजा वेळेवर येतो. लग्न झाल्यापासून मी हे ऐकते आहे. ऐकते म्हणजे घरात असते.

शाळेतून निवृत्त झाल्यावर त्याने कीबोर्ड घेतला आणि अख्खा पावसाळा त्या गाण्याची सुरुवात बसवली. मग जाहीर केलं की मे महिन्यात वाडीतल्या खुरसापुढे, म्हणजे क्रुसापुढे, सगळे जमून लदीनची प्रार्थना म्हणतात, तेव्हा तिच्या आधी तो हे पूर्ण वाजवणार. एकदा तरी चार माणसांसमोर ते पूर्ण वाजायला हवं होतं त्याला. मी म्हटलं, लदीन होऊ दे, मग सगळ्यांना चणे वाटतात तेव्हा वाजव, लोक मोकळे असतात. ते त्याला पटेना. जेवताना तर रेडिओही लावतात, म्हणाला.

त्या संध्याकाळी शेजाऱ्यांकडून वायर ओढली मी, स्टँड नेला मी, चणे शिजवून खोबरं घातलं तेही मीच. लदीन सांगते ती त्याची आत्या. वाडीत तिच्या सुराला कोणी आव्हान देत नाही. तिने आधीच बजावलं होतं, वाजव, पण लांबण लावू नकोस.

त्याने सुरुवात केली. वाजवत होता चांगलं, तक्रार त्याची नाही. पण गुडघे दुखणाऱ्या बायका उभ्या होत्या आणि वाऱ्याने मेणबत्त्या भराभर उतरत होत्या. लोकांना वाटायचं संपलं, ते क्रूस करायला हात उचलायचे, आणि हा पुन्हा वर चढायचा. आत्या माझ्याकडे बघत होती, जणू बटण माझ्या हातात आहे. शेवटी ती म्हणाली, "देवाक पण घराक जावचा असता रे," आणि तिने आपल्या सुरात लदीन सुरू केली.

त्याने कीबोर्डवरून हात उचलले. मग तिच्यामागे साथ धरली.

लदीन संपल्यावर तो वायर गुंडाळायला लागला. माझं डोकं तापलं. त्याने माझं ऐकलं नव्हतं म्हणून, आत्याला आणखी थोडं थांबता आलं असतं म्हणून, आणि 'बरा वाजयलस' म्हणणाऱ्यांचे हात आधीच चण्यांसाठी पुढे आले होते म्हणून. मी वायर त्याच्या हातातून घेतली आणि प्लग परत लावला.

"आता वाजव. चणे संपल्याशिवाय कोण हलूचो नाय."

त्याने पहिल्यापासून वाजवलं. लोक सुरमईचे भाव बोलत होते, कुणाच्या तरी मुलीचा व्हिसा बोलत होते. आत्या त्याच्याकडे पाठ करून खात होती. जिथे गाणारा येतो तिथपर्यंत तो पोचला, आणि गाणारा नव्हता म्हणून थांबला. दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या.

घरी येताना स्टँड माझ्याच खांद्यावर. मी म्हटलं, मधला तो हळूहळू खाली उतरणारा भाग तू गाळलास.

तो वाटेतच थांबला. "तुका कसां कळलां?"

मी म्हटलं, आपल्या भिंतींनाही कळलं असतं. गाळलास का ते सांग. तर म्हणे बोटं पोचत नाहीत. मला खरंच राग आला. एवढा खटाटोप करून गाळायचंच होतं, तर सुरुवातीला तेच तेच तीनदा येतं ते गाळायचं. आत्यासुद्धा थांबली असती. त्या अख्ख्या रेकॉर्डमध्ये बरा भाग तेवढाच एक आहे.

"खंयचो भाग? म्हणून दाखय."

घरी चण्यांचं पातेलं घासायचं होतं. पण तो जागचा हलेना, म्हणून स्टँड खाली ठेवला आणि तो भाग तोंडाने म्हणून दाखवला.