डुलकीतला हिरवा चौकोन

नगररचना खात्यात डुलकीभाऊंनी पस्तीस वर्षं नकाशे रंगवले. राहायची घरं पिवळी, दुकानं निळी, मोकळी जागा हिरवी. काम नाजूक आणि हात बसलेला. खोड म्हणाल तर एकच. दुपारचा डबा पोटात गेला, खिडकीतलं ऊन सरकत सरकत टेबलावर आलं, की भाऊंचा डोळा लागायचा. बरं, घोरत वगैरे नसत हो! ब्रश हातात, मान ताठ, पापण्या तेवढ्या मिटलेल्या. नवा आलेला कारकून तर लांबूनच म्हणायचा, काय एकाग्रता आहे! नाव त्यावरून पडलं, आणि भाऊंनीही ते हसत हसत चिकटवून घेतलं.

अशाच एका दुपारी, आता त्याला एकतीस वर्षं झाली, त्यांना एक स्वप्न पडलं. काय पडलं ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. जागे झाले तर समोरच्या शीटवर, पिवळ्या घरांच्या मधोमध, एक चौकोन हिरवागार! कडा सरळ, रंग कुठे रेषेबाहेर गेलेला नाही. झोपेतसुद्धा माणूस कामाला चोख. भाऊंनी खरवडायचं पातं उचललं आणि परत ठेवलं. खरवडावा तर कागद सोलून निघणार, आणि पाच वाजता शीट साहेबांकडे जायची. पुढच्या दुरुस्तीत बघू, असं त्यांनी मनाशी म्हटलं. पुढच्या दुरुस्तीत ते विसरले. मग आराखड्यावर मंजुरीचे शिक्के बसले, आणि त्या चौकोनात कुणालाही वीट रचायची बंदी झाली.

दहा वर्षांनी भाड्याचं घर शोधताना बायको एका गल्लीत अडूनच बसली. "हेच घर घ्यायचं. समोर बघा ना, किती मोकळं आहे!"

भाऊंनी समोर बघितलं आणि चौकोन ओळखला. फक्त आता त्यात खरं गवत होतं, आणि गवतावर संध्याकाळचं ऊन असं काही पसरलं होतं की आपण जागे आहोत की टेबलावर पेंगतोय, हे त्यांना क्षणभर कळेना. त्यांनी मुकाट्याने होकार दिला.

पुढे बायकोच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला, तेव्हा ते गवतच तिच्या कामी आलं. रोज संध्याकाळी चपला कुंपणाशी काढायच्या आणि अनवाणी सात फेऱ्या मारायच्या. सहा नाही, आठ नाही. निवृत्त झाल्यापासून भाऊ खिडकीत बसून त्या फेऱ्या मोजत, आणि मोजता मोजता पेंगत.

आणि एक दिवस कुंपणावर नोटीस लागली. ही मोकळी जागा वाणिज्य वापरात घ्यावी, खाली दुकानं आणि वर दोन मजले बांधू द्यावेत, असा मालकाचा अर्ज होता. मालक म्हणजे नाक्यावर टपरीत बसणारा म्हातारा घड्याळजी. गल्लीत लगेच दोन तट पडले. इस्त्रीवाल्याला गाळा हवा होता, बाकीच्यांना गवत.

"तुम्ही त्या खात्यातले," बायको म्हणाली. "सुनावणीला बोला काहीतरी. तिथेही डुलक्या काढू नका म्हणजे झालं!"

सुनावणीला अधिकारी म्हणून समोर बसली होती तीच मुलगी, जिला भाऊंनी खात्यात ब्रश धरायला शिकवलं होतं. तिच्यापुढे जुनी शीट पसरली होती. चौकोन अजून तसाच ताजा.

"काका, ही जागा हिरवी का केली, त्याचा एकही कागद सापडत नाही," ती म्हणाली. "कोपऱ्यात सही तुमची आहे. तेव्हाच्या साहेबांनी काही तोंडी सांगितलं होतं का? तसं असेल, तर ते नोंदवून जागा हिरवीच ठेवता येईल."

साहेब तर केव्हाच वारले होते. कोण विचारायला जाणार होतं? मागच्या बाकावरून बायको डोळ्यांनी सांगत होती, हो म्हणा, हो म्हणा की! भाऊंनी तोंड उघडलंही.

तेवढ्यात घड्याळजी उभा राहिला. "मला एवढंच कळू दे, सगळ्यांत नेमकी माझीच जागा का? तेव्हा हरकत घ्यायला आलो, तर म्हणाले, काहीतरी कारण असेलच. एकतीस वर्षं मी ते कारण शोधतोय. मी कुणाचं काय वाकडं केलं होतं?"

भाऊ घड्याळजीकडे वळले. मग ते म्हणाले, "कारण काहीच नव्हतं. मला डुलकी लागली होती, एक स्वप्न पडलं, आणि झोपेतच हात चालला. माझी चूक."

सभागृह खो खो हसलं. घड्याळजी हसला नाही. त्याने चष्मा काढून पुसला, आणि हळूच म्हणाला, "म्हणजे माझं काही चुकलं नव्हतं." भाऊंना त्याच्याकडे बघवेना.

अधिकारी मुलीने खाली मान घालून लिहिलं: रेखाटनातली चूक. बदल मंजूर.

घरी येईपर्यंत बायको दोन पावलं पुढेच चालत होती. "मोठे आले सत्यवादी," एवढंच दारात पुटपुटली आणि तशीच गवतावर गेली. पुढच्या महिन्यात तिथे पाया खणायला सुरुवात होणार होती. भाऊ कुंपणाशी उभे राहिले. ऊन उतरत होतं आणि सगळा चौकोन रंग ओला असावा तसा चमकत होता. पाच फेऱ्या झाल्यावर ती त्यांच्यापाशी येऊन थांबली.

"त्या दुपारी स्वप्न काय पडलं होतं हो?"

"तूच होतीस स्वप्नात," भाऊ म्हणाले. "केस पांढरे झालेले. गवतावर अनवाणी चालत होतीस. मी हाका मारतोय, घरी चल म्हणून, आणि तू म्हणतेस, थांबा हो, दोन फेऱ्या राहिल्यात."

बायकोने आपल्या पायांकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. तिचे डोळे भरून आले होते.

"मग चूक झाली असं कशाला सांगितलंत?"

भाऊंनी तिच्या चपलांशेजारी आपल्या चपला काढून ठेवल्या, आणि राहिलेल्या दोन फेऱ्या तिच्याबरोबर मारल्या.