वाढली बाई!

बारामतीच्या मंडईबाहेर बसणाऱ्या त्या कासारीणबाईंचं नाव मी कधी विचारलं नाही. माझी बोटं दाबत, हात गोल फिरवत त्या बांगडी चढवायच्या.

थायरॉइडचा जोर कमी करायच्या गोळ्या सुरू झाल्या आणि वर्षभरात मी सुटले. तरी यंदाही हट्टानं जुनंच माप मागितलं, सव्वादोनचं. दुसरीच बांगडी अंगठ्यापाशी कट्कन गेली.

"वाढली बाई!" त्या म्हणाल्या.

माझी कानशिलं तापली. "गोळ्यांनी वाढलेय! बसून खात नाही मी!" आजूबाजूच्या बायका वळून बघायला लागल्या.

"बांगडीचं म्हनलं म्या," त्या हळूच म्हणाल्या.

बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. लहानपणापासून ऐकलेलं, तरी मला माझंच वजन ऐकू आलं.

मी हात मागं घेतला. त्यांनी तो परत ओढला आणि अडीचच्या बांगड्या काढल्या. "गेल्या साली लई थरथरत हुता ह्यो, दाबून धरायला लागायचा. आता बगा, कसा गप बसलाय."

बांगड्या भरल्यावर कासारणीला नमस्कार करायची रीत आहे. मी वाकले, पण मान वर करून त्यांच्याकडं बघवेना.